सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचंय

वार्षिक सभेच्या नोटिसा फलकावर लागल्या की माझ्याकडे पत्रांची भर पडते. या वेळी बहुतेकांनी एकाच विषयावर विचारलंय: व्यवस्थापन समितीची निवडणूक. मिळत्याजुळत्या शंका एकत्र करून पाच पत्रं निवडली आहेत. नोकरीत मी हिशेब तपासणीचं काम केलं आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीची सचिव होते. त्यामुळे माझ्या उत्तरांत कागदपत्रांचा आग्रह जरा जास्त दिसेल, आणि तो असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

नमस्कार ताई. ठाण्यात ६४ फ्लॅटच्या सोसायटीत आम्ही राहतो. टँकरचा खर्च दरवर्षी वाढतोय, गच्चीची गळती दोनदा काम करूनही थांबलेली नाही. यंदा समितीची निवडणूक आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, शेअर सर्टिफिकेटवर यांचं नाव पहिलं. यांना उभं राहायचं नाही, मला राहायचंय. पण हे म्हणतात, कशाला शेजाऱ्यांशी वाकडं घ्यायचं? ग्रुपवर एकांनी लिहिलं की हिशेब कळणारी माणसं हवीत. मी बी.ए. झालेय, हिशेबाशी कधी संबंध आला नाही. उभी राहू का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, ठाणे

राहा. तुम्ही पत्रात टँकर आणि गच्ची ही दोन कामं नेमकी सांगितलीत. समितीत जाऊन काय करायचं ते इतकं स्पष्ट माहीत असलेले उमेदवार फार थोडे असतात.

आधी पात्रतेचं बघू. तुमचं नाव शेअर सर्टिफिकेटवर दुसरं आहे, म्हणजे तुम्ही संयुक्त सभासद. पहिलं नाव असलेल्या सभासदाने लेखी संमती दिली आणि ते स्वतः उभे नसतील, तर तुम्हाला उभं राहता येतं. तेव्हा यांच्याकडून तसं पत्र घ्या, सचिवांकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. संमतीचा कागद नसल्याने छाननीत अर्ज बाद होतो आणि मग वर्षानुवर्षं त्याची चर्चा चालते. नियम एका कागदाचा असतो, मनस्ताप मात्र सगळ्या घराला होतो. मेंटेनन्सचं बिल भरलेलं हवं. मतदार यादी आधी कच्ची लागते, तिच्यावर हरकती घेता येतात. त्या दिवसांत जाऊन आपलं नाव आणि फ्लॅट क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ग्रुपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका. आणखी एक अट पुष्कळांना शेवटच्या क्षणी कळते: दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर कायद्यातल्या तारखा तपासून बघाव्या लागतात, कारण ती अपात्रता हाउसिंग सोसायटीच्या समितीलाही लागू आहे.

तुमच्या सोसायटीत १०० पेक्षा कमी सभासद आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, अशा ठिकाणी ११ जणांची समिती असते: सहा सर्वसाधारण जागा, दोन महिलांच्या, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्त जमाती यांची प्रत्येकी एक. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते मात्र बघून घ्या. लोक तुम्हाला आपसूक म्हणतील, "महिलांच्या जागेवर भरा ना, बिनविरोध याल." तशी जागा घेण्यात काही कमी नाही. पण सर्वसाधारण जागेवरही बाई उभी राहू शकते, हे लक्षात असू द्या. महिलांच्या दोन जागांसाठी तुमच्या इमारतीत आणखी दोघी तयार असतील, तर तुम्ही सर्वसाधारण जागा लढवा. समितीत तीन बायका असल्या तर पाण्याच्या वेळेपासून लहान मुलांच्या खेळायच्या जागेपर्यंत कितीतरी विषय चहा संपायच्या आत निकाली निघतात, हे मी पाहिलेलं आहे.

आता हिशेब. ग्रुपवरच्या त्या वाक्याने खचू नका. सोसायटीचा हिशेब समजायला पदवी लागत नाही. तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, एक वही आणि दोन मोकळ्या दुपारी पुरतात. सभासद म्हणून लेखापरीक्षण अहवाल, ताळेबंद, सभेचं इतिवृत्त, उपविधी यांच्या प्रती शुल्क भरून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. अर्ज लेखी द्या. वहीत डाव्या बाजूला खर्चाची खाती लिहा: पाणी, वीज, लिफ्टची देखभाल, सुरक्षारक्षक, सफाई, दुरुस्ती. समोर तीन वर्षांचे तीन आकडे. ज्या ओळीत आकडा एकदम उडी मारतो तिथे खूण करा आणि फक्त तेवढ्याबद्दल विचारा.

टँकरचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळं दिसतं. ताळेबंदात 'पाणी' असं एकच खातं असेल तर महापालिकेचं बिल वेगळं आणि टँकरचं वेगळं करून मागा. मग गेटवरचं रजिस्टर बघा. वॉचमन तिथे टँकरचा नंबर, आल्याची वेळ आणि सही लिहितो, निदान लिहायला हवी. महिन्याचं बिल एका हातात, रजिस्टर समोर, आणि पेन्सिलने एकेक नोंद जुळवत जायचं. आमच्याकडे मी हे काम केलं तेव्हा नोंदी जुळल्या, पैसे योग्य जागीच गेले होते. पण सगळे टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी येत होते हे त्या रजिस्टरने दाखवलं. त्याच दोन दिवशी खालच्या टाकीचा तरंगता व्हॉल्व्ह अडकत होता आणि महापालिकेचं पाणी भरतच नव्हतं. व्हॉल्व्ह बदलला आणि टँकर निम्म्यावर आले. चोरी शोधायला बसले असते तर मला व्हॉल्व्ह दिसलाच नसता. म्हणून सांगते, रजिस्टर उघडताना मनात आरोप ठेवू नका.

गच्चीसाठी फाइल मागा. तीन दरपत्रकं आहेत का, कामाचा आदेश कोणत्या तारखेचा आहे आणि मुख्य म्हणजे हमीपत्र कुठे आहे? वॉटरप्रूफिंग करणारे ठेकेदार सहसा काही वर्षांची लेखी हमी देतात. समिती बदलली की ते हमीपत्र कुठल्या तरी कपाटात राहतं आणि हमीच्या मुदतीतलं काम सोसायटी पुन्हा पैसे देऊन करते. तुमच्याकडे दोनदा काम झालंय म्हणता, तर सगळ्यात आधी हाच कागद शोधा. तो मिळाला आणि मुदत शिल्लक असली, तर निवडणुकीच्या आधीच तुमचं अर्धं काम झालं.

काही आकडे तोंडपाठ असू द्या, कारण दारोदार फिरताना लोक हेच विचारतात. आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, घर लहान असो की मोठं. पाण्याचा खर्च नळजोडांच्या संख्येप्रमाणे. दुरुस्ती निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव शिल्लक, किमान ०.२५ टक्के. घर भाड्याने दिलं असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. फ्लॅट विकताना हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीतही २५,००० रुपयांच्या वर जात नाही. 'स्वेच्छा देणगी' म्हणून त्याहून अधिक मागणं चूक आहे. इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी. तुमची इमारत कुठल्या टप्प्यात आहे ते बघा. गळकी गच्ची आणि न झालेली तपासणी यांची गाठ बरेचदा पडते.

मग दारं. ग्रुपवर जाहीरनामा टाकून मत मिळत नाही; लोक तो वर सरकवतात आणि विसरतात. प्रत्येक घरी जा, संध्याकाळी जेवणाच्या आधी, एकट्या किंवा यांना बरोबर घेऊन. पाच मिनिटं पुरेत. "मी उभी राहतेय, मला टँकर आणि गच्ची या दोन गोष्टी मार्गी लावायच्यात. तुमची काय अडचण आहे?" एवढं बोला आणि पुढचं ऐका. वही जवळ ठेवा. मी फिरले तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजींनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मत देईन गं, पण जिन्याच्या वळणावरचा दिवा इतका वर लावलाय की गेला तर महिनामहिना कुणी बदलत नाही. मी लिफ्ट बंद असली की अंधारात पायऱ्या मोजत उतरते." समितीच्या बैठकांत तोवर लिफ्टवर तासन्‌तास चर्चा झाली होती, दिव्याचा विषय एकदाही निघाला नव्हता. तो दिवा हाताला येईल इतक्या खाली घेतला. त्याला खर्च असा झालाच नाही. अशा गोष्टी दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाहीत. आणि भाडेकरूंच्या दारावरही थाप मारा. त्यांना मत नसतं, पण पाणी कधी येत नाही हे त्यांना मालकापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

यांचं म्हणणं राहिलं. शेजाऱ्यांशी वाकडं येण्याची भीती खरी आहे, मी ती हलक्यात घेणार नाही. सोसायटीतली निवडणूक संपली तरी माणसं त्याच लिफ्टमध्ये भेटतात. माझा उपाय साधा आहे: प्रचारात समोरच्या उमेदवाराचं नाव घ्यायचंच नाही. कुणी काढलंच तर "त्यांनी लिफ्टचं काम चांगलं केलं" असं, जे खरंच चांगलं असेल ते सांगा आणि आपल्या विषयावर या. अर्ज भरण्याआधी विद्यमान सचिवांना स्वतः जाऊन सांगा की मी उभी राहतेय. त्यांना ते सूचना फलकावर कळू नये. एवढं केलंत तर मतदानानंतर कुणाच्या घरच्या हळदीकुंकवाला जाताना पाय अडखळणार नाहीत.

प्रत्यक्ष प्रक्रियेत धास्तावण्यासारखं काही नाही. अर्ज, सूचक-अनुमोदक, छाननी, माघार, मतदान, मोजणी. २५० पर्यंत सभासद असलेल्या सोसायट्यांना त्यासाठी सोपी पद्धत आहे. मोठ्या सोसायट्यांची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या यंत्रणेमार्फत होते. एका सभासदाला एकच मत आणि दुसऱ्याच्या वतीने अधिकारपत्रावर मतदान चालत नाही. परगावी असलेल्या मालकांना मतदानाची तारीख आधी कळवा, तिकिटं काढायला वेळ मिळतो.

आमच्या सोसायटीत गेली पंधरा वर्षं तीच मंडळी समितीवर आहेत. दर वेळी बिनविरोध. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "तुम्ही करा मग." आता आम्ही दहा-बारा जणांनी पॅनेल करून त्यांना घरी बसवायचं ठरवलंय. अध्यक्षपदासाठी मला उभं करायचं सगळ्यांच्या मनात आहे. त्यांचा कारभार उघडा कसा पाडावा?
— एक निवृत्त शिक्षक, पुणे

सर, आधी एक दुरुस्ती. अध्यक्षपदाची निवडणूक सभासद घेत नाहीत. सभासद समिती निवडतात आणि निवडून आलेले सदस्य पहिल्या बैठकीत आपल्यातून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ठरवतात. त्यामुळे "मला अध्यक्ष करा" म्हणून मत मागू नका; जे तुमच्या हातात नाही त्याचं आश्वासन होईल. खरं तर तुमच्या पॅनेलने आधी सचिव कोण होणार ते ठरवावं. अध्यक्ष सभा चालवतो, सोसायटी मात्र सचिव आणि खजिनदाराच्या कामावर चालते. पत्रव्यवहार, इतिवृत्त, बिलं, सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयातल्या फेऱ्या हे सगळं त्यांच्या वाट्याला येतं. दहा-बारा जणांत रोज तासभर देणारे दोन आहेत का? नसतील तर पॅनेल उभं करण्याआधी ते शोधा.

पंधरा वर्षं बिनविरोध म्हणजे कारभार वाईट असा अर्थ मी काढणार नाही. बहुधा दुसरं कुणी पुढे आलेलं नाही. पाच वर्षांनी मुदत संपते, नोटीस लागते, अर्ज कमी येतात आणि त्याच माणसांना पुन्हा विनवणी होते. त्यातल्या एखाद्याने रात्री अकराला पंप बंद पडल्यावर मेकॅनिकला फोन केलेला असतो. म्हणून 'घरी बसवायचं' हे शब्द पत्रकात येऊ देऊ नका. तुमच्या मजल्यावरच्या काठावरच्या मतदाराला ते आवडणार नाहीत.

'उघडा पाडायचा' तर कागदांवरून बोला आणि त्यासाठी कागद आधी हातात घ्या. अफरातफरीचा आरोप तोंडी करू नका. पुरावा असेल तर लेखापरीक्षकांकडे आणि उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करायची जागा आहे. मला तुमच्याकडून वेगळे प्रश्न ऐकायला आवडतील. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, ज्याला सगळे कन्व्हेयन्स म्हणतात, ते झालंय का? १९६३ च्या मोफा कायद्याने, म्हणजे फ्लॅटमालकीच्या कायद्याने, बिल्डरवर ती जबाबदारी टाकली आहे, आणि तो करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय ते मिळवण्यासाठी, अर्ज करता येतो. पंधरा वर्षांत ते झालं नसेल, तर तुमच्या पॅनेलचा पहिला मुद्दा सापडला. पुनर्विकासाच्या गप्पा सगळीकडे चालतात, पण जमीन कुणाच्या नावावर आहे हे विचारल्यावर सभागृहात शांतता पसरते. सिंकिंग फंड मुदत ठेवीत आहे की बचत खात्यात? ठेवींच्या पावत्या कुणाच्या ताब्यात आहेत? विहित मुदतीत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा दरवर्षी झाली का?

जिंकलात तर पहिल्याच आठवड्यात दप्तराचा ताबा यादी करून घ्या: सभासदांची 'आय' आणि 'जे' नमुन्यातली नोंदवही, इतिवृत्ताच्या वह्या, शेअर सर्टिफिकेटची नोंद, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमनाचे दाखले, ठेवींच्या पावत्या, लिफ्ट व पंपाचे करार. दोन प्रती, दोघांच्या सह्या. बँकेत सह्यांचा बदल लगेच करा, नाहीतर वॉचमनचा पगार अडकतो आणि तुमच्या नव्या कारभाराची पहिली बातमी तीच होते. जुन्या समितीतल्या एकदोघांना बोलावून विचारा की वर्षभरात काय काय कधी भरायचं असतं. त्यांच्या डोक्यात असलेली ही माहिती कुठल्याच फाइलमध्ये सापडत नाही. शक्य असेल तर त्यांच्यातल्या कामसू माणसाला पॅनेलमध्येच घ्या. माझा तर आग्रह राहील.

मी निवडून आलो आहे. आता एम-२० नावाचं बंधपत्र स्टॅम्प पेपरवर द्या म्हणतात. घरचे घाबरलेत. आई म्हणते, फुकटच्या कामासाठी घरावर बोजा कशाला? सही करू की राजीनामा देऊ?
— एक आयटी कर्मचारी, नवी मुंबई

सही करा. ते बंधपत्र आज सक्तीचं आहे का हे उपनिबंधक कार्यालयात विचारून घ्या, पण सोसायटी मागत असेल तर त्यासाठी राजीनामा देण्याचं कारण नाही. आईंना समजावून सांगा: त्यात घर गहाण पडत नाही. आपण घेतलेल्या निर्णयांमुळे किंवा हयगयीमुळे सोसायटीचं नुकसान झालं तर समितीचे सदस्य एकत्रितपणे आणि वैयक्तिकही जबाबदार, असं त्याचं सार आहे. म्हणजे प्रामाणिक माणसालाही सावध राहावं लागतं, एवढं खरं.

सावध म्हणजे काय ते सांगते. बैठकीत एखादा ठराव पटला नाही तर नुसतं गप्प बसू नका. "माझा विरोध नोंदवा" असं म्हणा आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होताना तो शब्दशः आला आहे का ते वाचा. नसेल तर तिथेच दुरुस्ती मागा. हजर नसलेल्या बैठकीच्या कागदावर मागाहून सही करू नका, कितीही ओळखीच्या माणसाने दारात आणून दिला तरी. कोरा धनादेश तर कधीच नाही. तुमच्या भावाचा, मेहुण्याचा, मित्राचा व्यवसाय असेल आणि सोसायटीचं काम त्याला जात असेल, तर आधी सांगा आणि त्या चर्चेतून बाहेर पडा. स्वतः तर सोसायटीशी कसलंही कंत्राट करू नका. मोठी दुरुस्ती, मोठी खरेदी सर्वसाधारण सभेत नेऊन तिची मंजुरी घ्या. इतकं पाळणाऱ्या माणसाला त्या स्टॅम्प पेपरची भीती बाळगायचं कारण नाही.

तुमच्यासारख्या वयाचे लोक समितीवर यायला हवेत म्हणूनही मी सही करा म्हणते. तुम्ही संगणकावर बसून मेंटेनन्सची थकबाकी फ्लॅटवार काढून द्याल, त्याला आमच्या पिढीला आठवडा लागतो.

भाडेकरू म्हणून चार वर्षं राहतोय, सोसायटीच्या गणपतीचं सगळं मी बघतो. निवडणुकीला उभा राहू शकतो का?
— नाशिकहून एक तरुण

नाही. सभासदत्व असल्याशिवाय मत नाही आणि उमेदवारीही नाही. घरमालकाच्या जागी तुम्हाला उभं राहता येणार नाही. ज्यांनी घर विकत घेतलंय पण शेअर सर्टिफिकेट अजून नावावर चढलेलं नाही, त्यांनीही हे लक्षात घ्यावं आणि हस्तांतरणाचा अर्ज आधी निकाली काढावा. तुम्ही मात्र कार्यक्रम, सुरक्षा, पाणी यांसाठी समितीला मदत करणारा गट असेल तर त्यात नाव द्या. समितीने तुम्हाला बोलावून विचारावं असं तुमचं काम आहे, हे पत्रातून दिसतंच.

थकबाकीवरच्या व्याजाचा वाद आहे म्हणून मी बिल अडवून ठेवलंय. तत्त्वाचा प्रश्न आहे. पण आता मी थकबाकीदार म्हणून अपात्र ठरेन असं सांगतात. आणि गेल्या निवडणुकीत मी थोडक्यात पडलो, तेव्हापासून मन उडालंय. पुन्हा उभं राहण्यात अर्थ आहे का?
— एक सभासद, डोंबिवली

दोन वेगवेगळी उत्तरं देते.

बिल भरा. बिल किंवा नोटीस मिळाल्यावर तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो आणि थकबाकीदाराला समितीवर राहता येत नाही. तत्त्व सोडायला मी सांगत नाही. पैसे भरताना "व्याजाच्या आकारणीवर माझी हरकत कायम ठेवून भरत आहे" असं पत्र जोडा, पोच घ्या. मग व्याजाचा दर उपविधींशी ताडून बघा, आकारणी चक्रवाढ आहे का ते तपासा आणि समितीकडे, नंतर उपनिबंधकांकडे दाद मागा. बिल अडवून ठेवण्यात तुमची बाजू बरोबर असली तरी बोलण्याचा हक्क तुमच्या हातून जातो. शिवाय पैसे अडकले की सुरक्षारक्षकांच्या पगाराला आणि विजेच्या बिलाला कमी पडतात. त्या रक्षकाचा तुमच्या वादाशी काही संबंध नसतो.

आता पडल्याचं. थोडक्यात पडलात म्हणजे सोसायटीतल्या बऱ्याच घरांनी तुम्हाला मत दिलं. त्यांनी ते विसरलेलं नाही. मन उडणं मी समजू शकते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात कोण कसं बघतंय याकडे उगीच लक्ष जातं. पण समितीवर नसलेल्या सभासदाला करण्यासारखं पुष्कळ असतं. सर्वसाधारण सभेला जा. गणपूर्तीला, म्हणजे सभा सुरू व्हायला, दोन तृतीयांश किंवा २० सभासद, यांतला कमी आकडा लागतो. बऱ्याच सोसायट्यांत तेवढेही जमत नाहीत आणि अर्ध्या तासाने तहकूब सभा हजर असलेल्या मोजक्या लोकांत उरकते. त्या मोजक्यांत तुम्ही असलात तर तुमचा शब्द निवडून आलेल्यांइतकाच वजनदार होतो. सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी येते. तुमचा विषय कार्यक्रमपत्रिकेत यावा म्हणून नोटीस निघायच्या आधीच सचिवांना लेखी द्या, ऐनवेळच्या विषयांवर विसंबू नका, कारण तिथे चर्चा होते पण मोठा निर्णय होत नाही. लेखापरीक्षकांनी काढलेल्या चुका कशा दुरुस्त केल्या ते सांगणाऱ्या दोषदुरुस्ती अहवालावर एकच नेमका प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात आलं का ते बघा. पुढच्या वर्षी तोच धागा धरून पुढचा प्रश्न.

पुन्हा उभं राहायचं असेल तर यादी काढा: गेल्या वेळी कोणत्या मजल्यावर, कोणत्या विंगमध्ये तुम्ही पोचलाच नव्हता? मतदानाच्या आधीचे आठवडे त्या दारांसाठी ठेवा. आणि आजच्या आज ते व्याजाचं पत्र लिहून बिल भरून टाका, म्हणजे यादी लागेल तेव्हा तुमचं नाव तिच्यात असेल.